गाडीवरचा आवाज

“पुन्हा एकदा घेऊ या,” कचेरीतला साहेब म्हणाला. “आणि जरा मायेनं म्हणा. बस सुटतेय असं वाटायला नको.”

फलाटराव खाकरले. मायेनं बोला, असं त्यांना उभ्या जन्मात कुणी सांगितलं नव्हतं. बसस्थानकाच्या काचेच्या खोलीत बसून त्यांनी गाड्या लावल्या होत्या, गाड्या सोडल्या होत्या, हरवलेली मुलं आयांच्या हवाली केली होती आणि खिसेकापूंपासून सावध राहायला सांगितलं होतं. आवाज असा, की बाकावर पेंगणारा माणूस दचकून उठायचा आणि आपली गाडी नसली तरी पिशवी उचलायचा. म्हणून तर ते फलाटराव. खरं नाव पगाराच्या दिवशी तेवढं कामाला यायचं. घरीही जेवताना ‘मीठ आणा’ म्हणाले, की शेजारीपाजारी मीठ घ्यायला उठतात, असं त्यांची बायको सगळ्यांना सांगत असे.

तापाची साथ आली, बसस्थानक बंद झालं आणि फलाटरावांना काही कामच उरलं नाही. तेवढ्यात नगरपालिकेच्या कचेरीला त्यांची आठवण झाली. आवाज एकदा भरून घ्यायचा, गाडीवर भोंगे लावायचे आणि गावभर फिरवायचे. घराबाहेर पडू नका, हात धुवा, तोंड झाका. आणि आणखी एक गोष्ट होती. दवाखान्यात काम करणाऱ्या लोकांना घरमालक खोल्या खाली करायला लावत होते. त्याबद्दल कागदावर लिहिलं होतं, ‘रुग्णसेवा करणाऱ्या कर्मचाऱ्यांना नागरिकांनी सहकार्य करावे.’

फलाटरावांनी ते वाक्य दोन वेळा म्हटलं. दोन्ही वेळा ते गाडी उशिरा येणार असल्यासारखं वाजलं. तिसऱ्यांदा म्हणताना त्यांनी कागदावरची नजर काढली आणि आपसूक पुढचं बोलून गेले, “त्यांनी तुमचं दार वाजवलं, तर आधी माणूस बघा. भीती काय, नंतरही बघता येईल.”

साहेबानं कानावरचं यंत्र काढलं. “हे कुठं लिहिलंय?”

“लिहिलेलं नाही. तोंडात आलं. काढून टाकू का?”

“काढताय कशाला? हेच राहू द्या,” साहेब म्हणाला आणि उगाचच चष्मा पुसत बसला.

त्या दिवशी फलाटराव छाती पुढे काढून घरी गेले. ते वाक्य त्यांनी बायकोला आधी सहज म्हणून, मग जेवताना पुन्हा आणि हात धुताना आणखी एकदा ऐकवलं.

“जमलं की तुम्हाला माणसासारखं बोलायला,” बायको म्हणाली. पण तीही खूश होती. गाडी पहिल्यांदा गल्लीत आली तेव्हा ती खिडकीशी जाऊन उभी राहिली. समोरच्या खिडकीतून कुणीतरी ओरडलं, “वहिनी, हे आपलेच ना?” त्यावर तिनं पदरानं तोंड झाकून मान डोलावली होती.

फलाटरावांची धाकटी बहीण दवाखान्याच्या धुलाईखान्यात कामाला होती. रुग्णांच्या चादरी, उशांचे अभ्रे, डॉक्टरांचे डगले, सगळं औषधाच्या पाण्यात बुडवायचं, उकळायचं, पिळायचं. तिच्या हातांना कायम त्या पाण्याचा वास असे आणि बोटांची टोकं पांढरी पडून सुरकुतलेली असत. नवरा गेल्यापासून ती भाड्याच्या एका खोलीत एकटी राहायची. साथ सुरू झाल्यावर फलाटरावांनी तिला फोनवर बजावलं होतं, “काही लागलं तर लगेच सांग. संकोच करायचा नाही.” हे वाक्यही त्यांनी छान म्हटलं होतं.

एका संध्याकाळी दार वाजलं. फलाटरावांनी साखळी न काढता ते फटीएवढं उघडलं. बाहेर धाकटी उभी होती, हातात कापडी पिशवी. त्यांना बघताच ती स्वतःहून पायरीच्या खाली उतरली आणि तोंडावरचा रुमाल नीट केला.

“दादा, मालकानं कुलूप बदललं. ड्युटीवरून आले तर सामान बाहेर ठेवलेलं.”

“असं कसं बदललं? अगं, तक्रार कर ना त्याची!”

“करीन. पण आज झोपू कुठं?”

तिचा आवाज ओळखून आत बायको उठली होती. पुढच्या खोलीत खाट ओढल्याचा आवाज येऊ लागला. फलाटराव मात्र साखळीला हात लावून उभे होते.

“दवाखान्यात सोय नाही का करत?”

“नर्सबाईंची केलीय. आमचं विचारात आहे म्हणतात. दादा, मी पुढच्या खोलीतच राहीन. माझं ताट वेगळं ठेवा, कपडे मी बाहेर धुवीन. तुमच्या वाटेत येणार नाही.”

फलाटरावांच्या डोळ्यांसमोर तिकीट खिडकीवरचा त्यांचा सोबती आला. दोघं एकाच डब्यातून जेवायचे. ताप आला म्हणून तो घरी गेला आणि परत आला नाही. त्याचा वाचायचा चष्मा अजून खिडकीच्या खणात होता. आणायला कुणी आलं नव्हतं आणि हात लावायची कुणाची छाती नव्हती. धाकटी समोर उभी होती, पण फलाटरावांना तिची पिशवी दिसत होती, तिची बोटं दिसत होती, त्या बोटांनी पिळलेल्या चादरी दिसत होत्या. खरं तर ‘मला भीती वाटते गं’ एवढं म्हटलं असतं तरी चाललं असतं. तिनं ते समजून घेतलं असतं. पण एवढा मोठा आवाज असलेल्या माणसाच्या तोंडून तेवढं निघालं नाही.

“माझं काही नाही गं,” ते आवाज उतरवून म्हणाले. “पण तुझी वहिनी फार घाबरते. तिचा स्वभाव तुला ठाऊक आहे. तिच्यापुढं माझं काय चालतं?”

आतला खाट ओढल्याचा आवाज थांबला.

धाकटीनं दाराच्या फटीकडे पाहिलं, मग भावाकडे.

“बरं,” ती म्हणाली. “वहिनीला म्हणावं, काळजी करू नको.” आणि पिशवी उचलून चालायला लागली.

दार लावून फलाटराव वळले तर बायको खोलीच्या मध्यात उभी. खाट भिंतीपासून अर्धी सरकवलेली आणि तिच्या हातावर जाडजूड घोंगडी.

“माझं नाव कशाला घेतलंत?”

“अगं, म्हणजे...”

“मी खाट ओढत होते. ऐकू येत होतं ना तुम्हाला?”

ती साखळी काढून तशीच बाहेर धावली. गल्लीच्या टोकापर्यंत जाऊन आली. फोन लावत राहिली. धाकटीनं उचलला नाही. खाट मात्र तिनं जागेवर नेली नाही. पुढच्या खोलीतून आतबाहेर करताना फलाटरावांना त्या खाटेला वळसा घालावा लागे आणि दर खेपेला गुडघा आपटे.

सकाळी नेहमीप्रमाणे गाडी आली. ‘आधी माणूस बघा. भीती काय...’ फलाटराव खिडकी लावायला उठले. त्यांच्या आधी बायको उठली आणि तिनं खिडकी सताड उघडली. मग रोज तेच सुरू झालं. ती भांडली नाही, रडली नाही, अबोलाही धरला नाही. चहा घ्या, गोळी घ्या, सगळं वेळेवर सांगायची. फक्त गाडीची चाहूल लागली, की हातातलं काम टाकून खिडकी उघडायची. गल्लीतली पोरं गच्चीवरून फलाटरावांसारखा घसा फुगवून ते वाक्य म्हणायची आणि हसायची. पोरांना त्यात काही वाटत नव्हतं, पण फलाटरावांच्या अंगावर काटा यायचा. आपला आवाज बंद कसा करायचा, हे त्यांना कळेना. तो आता त्यांच्या घशात नव्हताच; गाडीवर बसून गावभर फिरत होता. कचेरीत जाऊन ‘ते वाक्य काढून टाका’ सांगावं, असंही मनात आलं. पण साहेबानं का म्हणून विचारलं असतं, तर काय सांगणार होते?

शेवटी धाकटीनं वहिनीचा फोन उचलला. दवाखान्यामागच्या गल्लीत एक शिवणकाम करणाऱ्या आजी होत्या, त्यांच्याकडे ती राहत होती. ओळख ना पाळख.

“मी जाऊन घेऊन येतो तिला,” फलाटराव म्हणाले.

बायकोनं घोंगडी घडी करून त्यांच्या हातात दिली. “आली तर दोघं या. नाही आली तर ही तरी तिच्याकडं राहू द्या.”

वाटेत रस्ता रिकामा होता. फलाटराव तोंडाला रुमाल बांधून, बगलेत घोंगडी धरून चालले होते आणि रुमालाच्या आत एक वाक्य घोकत होते. ‘चुकलं माझं. वहिनीचा काही दोष नाही. चल घरी.’ आजवर त्यांनी हजारो घोषणा कागद एकदा नजरेखालून घालून म्हटल्या होत्या. एवढ्या तीन वाक्यांना मात्र ते दर वळणावर अडखळत होते.

आजींची खोली तळमजल्यावर होती. खिडकीत शिवणयंत्र, त्याभोवती पांढऱ्या पट्ट्यांचा ढीग. आजी तोंडावर बांधायचे रुमाल शिवत होत्या आणि धाकटी जमिनीवर बसून नाड्या कापत होती. दारात भावाला बघून तिची कात्री थांबली.

“कोण हो?” आजींनी विचारलं.

“माझा भाऊ आहे, आजी.”

“अगंबाई, भाऊ! या, या. ते स्टूल घ्या, जरा लांबच बसा, राग मानू नका. लांब राहता म्हणे तुम्ही. एवढे रस्ते बंद, तरी आलात बहिणीसाठी. भाऊ असावा तर असा.”

लांब! चार गल्ल्या ओलांडून आलेले फलाटराव स्टुलावर बसले. धाकटीनं मान खाली घालून पुन्हा नाड्या कापायला घेतल्या होत्या.

आजींना बोलायला नवा माणूस मिळाला होता. त्यांनी यंत्रावरचा हात काढला नाही आणि तोंडही थांबवलं नाही.

“तुमची बहीण म्हणजे सोनं आहे हो. पण खरं सांगू? मी काही मोठी धीराची बाई नाही. त्या संध्याकाळी हिनं दार वाजवून पाणी मागितलं. पिशवी बघितली, दवाखान्याचा वास आला आणि मी दार लोटायला घेतलं. पुढं जा बाई, असं म्हणणारच होते मी. शब्द ओठावर आला होता. तेवढ्यात रस्त्यानं ती गाडी आली.”

फलाटरावांनी घोंगडी घट्ट धरली.

“तो बसस्थानकावरचा माणूस सांगतो बघा त्यात. काय गोड सांगतो! आधी माणूस बघा म्हणाला. मग बघितला मी माणूस. पाय सुजलेले, हात पांढरेफटक, उभ्याउभ्या पेंगत होती. दार उघडलं. दुसरं काय करणार? आता रात्री माझ्या औषधाची वेळसुद्धा हीच सांभाळते.” आजींनी दोरा दातानं तोडला. “तो माणूस कुठं भेटला ना, तर त्याचे दोन्ही हात धरणार आहे मी. बाहेरच्यांसाठी ज्याचा एवढा जीव तुटतो, तो घरच्यांना कसा जपत असेल! नशीबवान हो त्याच्या घरची माणसं.”

फलाटरावांनी तोंड उघडलं होतं. घोकलेलं वाक्य जिभेवर आलं होतं. एक शब्द उच्चारला असता तरी आजींनी आवाज ओळखला असता. गावात असा दुसरा आवाज नव्हता. मग त्यांनी हात धरले असते, किंवा सगळं कळून हात झटकले असते. दोन्हींतलं काय जास्त वाईट, हे फलाटरावांना ठरवता येईना. उघडलेलं तोंड त्यांनी रुमालाच्या आत तसंच मिटलं.

“बोलत का नाहीत गं हे?”

धाकटीनं वर पाहिलं. लहानपणी आईपुढे त्यांची चोरी पकडली गेली, की ती अशीच बघायची.

“घसा बसलाय त्याचा,” ती म्हणाली.

“अगं, ताप तर नाही ना?”

“ताप नाही, आजी. नुसता घसा. नको तेव्हा बसतो.” तिच्या ओठाचा कोपरा किंचित हलला आणि लगेच सरळ झाला.

आजी उठल्याच. पाणी कोमट करून त्यांनी पेला उंबऱ्याजवळच्या फळीवर ठेवला आणि मागे सरकल्या. “घ्या. एकेक घोट घ्या. आणि बोलायचा हट्ट करू नका.”

फलाटरावांनी घोंगडी बहिणीपुढे ठेवली. बोटानं आधी तिच्याकडे, मग दाराकडे खूण केली.

“कळलं मला,” धाकटी म्हणाली. “पण आता इथंच राहते, दादा. आजींना रात्रीचं कुणी नाही. साथ ओसरली की येईन भेटायला.” घोंगडीच्या घडीवरून तिनं हात फिरवला. “आणि वहिनीला सांग, खाट ओढली होती ना तिनं, ते ऐकलं मी. ऐकलं म्हणून सांग.”

फलाटरावांचे डोळे भरून आले. ते पुसायला रुमाल सोडवावा लागला असता, म्हणून त्यांनी पुसले नाहीत.

इतक्यात गल्लीच्या तोंडाशी घरघर ऐकू आली.

“आली बघा!” आजींनी यंत्राच्या चाकावर हात ठेवून ते थांबवलं. “नीट ऐका हं आता. शांत बसा.”

गाडी हळूहळू खिडकीपुढे आली. फळीवरचा पेला आवाजानं किणकिणायला लागला. हात धुवा, तोंड झाका, गर्दी करू नका. मग ते वाक्य आलं तेव्हा आजींचे ओठही त्याबरोबर हलले. धाकटी नाड्यांची एक जुडी बांधत होती. गाठ बसली तरी ती बांधतच राहिली. आवाज भिंतीवरून पुढे सरकला, कोपऱ्यावर वळला आणि दूर गेला.

“आहे की नाही?” आजींनी विचारलं.

फलाटरावांनी मान हलवली.

“पाणी गार होतंय,” आजी म्हणाल्या. “प्या.”

त्यांनी भिंतीकडे तोंड केलं, रुमाल खाली ओढला आणि पेला तोंडाला लावला.