मनगटाच्या अलीकडे

मी एक नस बोलतेय. रक्त वाहणारी नव्हे हं, स्पर्शाची बातमी पोचवणारी. माझा जन्म डाव्या पोटरीतला. चपलेचा पट्टा घासला, फरशी गार लागली, पावलाच्या बाहेरच्या कडेवर मुंगी चढली, की ती बातमी वर कळवायची, एवढंच माझं काम. लहानसं होतं, पण मन लावून करायचे.

माझा धनी खिडक्यांना काचा बसवणारा. अंगठ्याचा नुसता दाब बदलून तो मोठी काच चौकटीत नेमकी बसवायचा. एकदा वरची काच घसरली आणि तिची कड त्याच्या उजव्या हातात, कोपर आणि मनगटाच्या मध्ये रुतली. कातडीवरची जखम भरली, पण आतली मोठी नस तुटली ती तुटलीच. अंगठा लुळा पडला, शेजारची दोन बोटं बधिर झाली.

डॉक्टरबाईंनी हात उघडला तेव्हा तुटलेली टोकं आखडून एकमेकींपासून दूर गेली होती. ओढून शिवली असती तर ताणाने उसवली असती. मध्ये जोड हवा होता, म्हणून पोटरीतून मला अलगद काढलं. माझे तुकडे शेजारी शेजारी ठेवून, सूक्ष्मदर्शकाखाली, केसाहून बारीक धाग्याने मला दोन्हीकडे टाचलं. माहेरी माझ्यावाचून फारसं अडलं नाही, पावलाची कड तेवढी बधिर झाली. सासरी मात्र सगळे माझ्याकडे डोळे लावून बसले.

इथे आल्यावर मी आतून रिती झाले. तसंच व्हायचं असतं. माझ्या त्या रितेपणातून धन्याच्या तुटलेल्या नसेचे कोवळे तंतू रोज जेमतेम मोहरीच्या दाण्याएवढे पुढे सरकणार, खालच्या टाक्यांतून पलीकडे उतरणार आणि मनगटावरून अंगठ्यापर्यंत पोचणार.

डॉक्टरबाईंनी धन्याच्या बायकोला शिकवलं, "हातावर बोटाने हलक्या टिचक्या मारत जा. जिथवर मारल्यावर बोटांत झिणझिण्या जातील, तिथवर नस वाढली असं समजा. एका जागी अडून बसली तर लगेच या. अंगठ्याचे स्नायू फार दिवस वाट बघत नाहीत."

बायको मोठी श्रद्धाळू. झिणझिण्या मनगटाशी येईपर्यंत मीठ खाणार नाही, असं तिने देवाला सांगून टाकलं. रोज प्रार्थना झाली की हात मांडीवर घ्यायची. "आली का हो?" "आली, अजून थोडं खाली मार." टिचकीगणिक तिचा चेहरा उजळायचा. आणि मग एके दिवशी मी अडले.

खालच्या टाक्यांपाशी, कोवळे तंतू तिथवर पोचायच्या आतच, आत एक कठीण गाठ धरली होती. तंतू तिला धडका देत होते आणि तिथेच गुंतून गोळा होत होते. मी ओरडत होते, पण माझा आवाज म्हणजे झिणझिण्या, आणि त्या मनगटाच्या अलीकडेच विरत होत्या.

धन्याला ते कळत होतं. पण समोर अळणी भाजीचे घास पाण्याबरोबर गिळणारी बायको होती. एका संध्याकाळी तो म्हणाला, "आली गं, मनगटाशी आली." ती रडली, देवाच्या पाया पडली आणि मीठ घालून जेवली. डॉक्टरबाईंकडे जायचं राहिलं. बरं होतंय म्हटल्यावर जाणार तरी कशाला? मी अडलेलीच, आणि तिकडे अंगठ्याखालचा मऊ उंचवटा दिवसेंदिवस सपाट होत चालला.

परवा ती पुन्हा हात घेऊन बसली होती. तो खिडकीबाहेर बघत होता. तिने बोट उचललं.

"हं, आली," तो म्हणाला.

ती थांबली. "अजून मी हात लावलाच नाही."

मग तो खाली बघत म्हणाला, "तुझं ते अळणी जेवण बघवेना मला."

"आणि तुमचा अंगठा सुकलेला मला बघवतो होय?"

दुसऱ्या दिवशी डॉक्टरबाईंनी त्याला डोळे मिटायला सांगून टिचक्या मारल्या. खालच्या टाक्यांपाशी त्यांचं बोट थांबलं. "इथेच अडलंय. हात पुन्हा उघडून गाठ कापू आणि नव्याने जोडू. अडली तेव्हाच आला असतात तर बरं झालं असतं. आता खात्री देत नाही."

"काच धरता येईल का?" धन्याने विचारलं.

"आधी शर्टाचं बटण तर लागू दे."

आज हात शस्त्रक्रियेसाठी स्वच्छ धुऊन, निळ्या कापडावर ठेवला आहे. त्याला आत आणायच्या आधी दाराशी बायको माझ्यावरून, कातडीवरून, हलकेच बोटं फिरवून गेली. "या वेळी नवस नाही बोलले," ती त्याला म्हणाली. "तुम्ही पुन्हा खोटं बोलाल."

तो हसला, आणि लगेच त्याचे डोळे भरून आले.

डॉक्टरबाई, माझं ऐका. गाठ निघेपर्यंत मला कापा, हात आखडता घेऊ नका. मी तोकडी पडले तर उजव्या पोटरीत माझी जुळी बहीण आहे, तिला बोलवा. आणि अंगठ्याच्या स्नायूंनो, तुमच्यातले कितीजण उरलेत ते मला इथून कळत नाही. जे असाल त्यांनी धीर धरा. मी अजून मनगटाच्या अलीकडेच आहे, पण निघाले आहे.