रोह्याच्या कंप्युटरचं वजन

एझ्राशेठ पेपरात काही वाचतात आणि त्रास मला होतो. नव्याण्णवच्या दिवाळीनंतर त्यांनी वाचलं की दोन हजार साल उजाडलं की जगातले कंप्युटर वेडे होणार आणि विमानं खाली पडणार. आमच्या कंपनीचं एकही विमान नव्हतं. खाडीकाठचं मीठ पोत्यांत भरायचं आणि विकायचं, एवढाच धंदा. ऑफिस पेणला रामवाडीत, गोदाम रोह्याला. कंप्युटर दोन: एक इथे माझ्यासमोर, दुसरा तिथे जनूकाकांसमोर.

"दिपिका, दोन्ही तपास," शेठ म्हणाले. "रोह्याचा जुनाच आहे. नापास झाला तर काढून टाकू. तिथलं काम तू इथून बघ."

"आणि जनूकाका?"

"जनू काय, परत कासूच्या मिठागरावर. तिथे माणूस लागतोच आहे."

शेठ मनाने वाईट नाहीत, पण दुसऱ्याचे पाय त्यांच्या लक्षात राहत नाहीत. जनूकाकांचं सगळं तरुणपण मिठागरात गेलं, काशीकाकी होती तोवर तिच्या जोडीने. तळव्यांच्या भेगा भरेनात, तेव्हा डॉक्टरांनी खारं पाणी बंद केलं आणि काकांना ही खुर्ची मिळाली. कंप्युटर त्यांना मीच शिकवला. सुरुवातीला ते हात धुऊन, चपला बाहेर काढून कीबोर्डला शिवायचे. मी हसले की म्हणायचे, "तू हास गो. तुला काय, तू शिकलेली." ती खुर्ची गेली असती तर त्या पायांनी ते पुन्हा मिठात उभे राहिले असते, आणि ते मला बघवलं नसतं.

मी रोह्याला फोन लावला. आमच्या लाइनवर माणसापेक्षा खरखरच जास्त बोलते. मी ओरडले, "काका, कंप्युटरचं व्हर्जन बघून ठेवा! व्हर्जन! शेठना हवंय!"

पलीकडून बारीक आवाज आला, "बरं, मॅडम."

दुसऱ्या दिवशी त्यांचाच फोन आला. "मॅडम, लिवून घ्या. अडीच किलो."

आधी मला कळेना. कळलं तेव्हा मी टेबलावर डोकं टेकून हसले. बरोबरच होतं म्हणा! मिठाच्या कंपनीत सकाळपासून संध्याकाळपर्यंत दुसरं विचारतो कोण? शेठना सांगितलं तर तेही डोळे पुसेपर्यंत हसले.

हसून झाल्यावर मात्र माझ्या डोक्यात किडा वळवळला. अडीच किलो? नुसता मॉनिटर उचलताना माझी कंबर धरते. आणि जनूकाकांचा काटा म्हणजे काटा. नागोठण्याचे व्यापारी त्यांनी तोललेलं पोतं पुन्हा तोलत नाहीत. मी रोह्याची गाडी पकडली.

गोदामात कंप्युटर जागेवरच होता, वर धुतलेला नॅपकिन. काका उभेच राहिले.

"काका, अडीच किलो कशाचं?"

"कीबोर्डाचं. आणि वायरींचं."

"आणि बाकीच्याचं?"

ते खाली बघत म्हणाले, "वजन कशाला इचारतात, मॅडम? भंगारात द्यायला. भंगारवाला आधी वजनच इचारतो. म्हटलं, कमी सांगितलं तर शेठ बोलतील, एवढ्याशासाठी टेम्पो कशाला पाठवा." मग हळूच म्हणाले, "जन्मात पहिल्यांदा कमी तोललं गो, बाय."

माझं हसू कुठल्या कुठे गेलं. शब्द त्यांनी चुकीचा ऐकला होता, पण शेठच्या मनातलं नेमकं ओळखलं होतं. मला शेठचा राग आला, त्या फोनचा त्याहून जास्त आला.

"काका, वजन नाही, व्हर्जन. म्हणजे आत घातलेला प्रोग्रॅम कितवा, नवा की जुना, ते. बसा, दोघं बघू."

प्रोग्रॅमचं व्हर्जन चांगलं निघालं, साल चारही आकड्यांत लिहिणारं, म्हणजे नुसतं 'शून्य शून्य' बघून न गोंधळणारं. राहिलं मशीनचं घड्याळ. मी त्याला एकतीस डिसेंबरची रात्र दिली, बंद केलं आणि थोड्या वेळाने चालू केलं. काकांनी हात जोडले होते. पडद्यावर आलं, चार जानेवारी एकोणीसशे ऐंशी.

"ऐंशी?" काका म्हणाले. "हा तर मागं गेला!"

मी हाताने दोन हजार साल घातलं, पुन्हा बंद-चालू केलं. या वेळी टिकलं, तेव्हा घड्याळ परत त्या दिवसाच्या तारखेवर आणून ठेवलं. म्हणजे एकदाच कोणीतरी हाताने तारीख घातली की मशीन सुतासारखं सरळ.

शेठना मी लिहून दिलं: व्हर्जन पास. मशीनही पास, मात्र नव्या वर्षात पहिल्यांदा चालू करताना तारीख हाताने घालावी लागेल, सबब जनूकाका खुर्चीवर हवेत.

शेठनी चष्म्यावरून पाहिलं. "एवढी तारीख तू नाही घालू शकत?"

"माझी बोटं पेणला असतात, शेठ."

"वात्रट आहेस," ते म्हणाले. "राहू दे जनूला."

एक जानेवारीला विमानं काही पडली नाहीत. तो शनिवार होता, आणि शेठ ज्यू असल्यामुळे आमच्याकडे शनिवारी कुलूप आणि रविवारी काम. त्यामुळे आमचं दोन हजार साल रविवारी उजाडलं. सकाळी मी ऑफिसात पोचले, शेठ येण्याआधीच फोन वाजला.

"मॅडम, चालू केला. ऐंशीच दाखवतो."

"मग घाला की तारीख."

"घालतो गो. मगाधरनं तसाच ठेवलाय." खरखर झाली. "ऐंशी साली आमची काशी व्हती. म्हटलं, जरा वेळ बसावं."

मला एकदम रडू फुटलं. "बसा काका," मी म्हटलं. "हवं तेवढं बसा. शेठना मी सांगते."

"नको, ट्रक आलाय भरायला." एका बोटाने कळा दाबल्याचा आवाज आला.

"घातलं, बाय," काका म्हणाले.