थोरा आजीकडचे मुलांचे टेबल

मित्रांनो, पत्ते खेळण्यासाठी घेतलेल्या टेबलावर फार विश्वास ठेवू नये. हे मी स्वतःच सांगतो, कारण मी तसेच एक जुने घडीचे टेबल आहे. चार लोखंडी पाय, वर हिरवे रेक्झिन, आणि पाय मिटले की भिंतीला टेकून उभे राहायचे, एवढाच माझा संसार. पण माझा स्वभाव संशयी आहे, आणि त्याला कारण माझे पहिले मालक.

सुपीरियर सरोवराच्या काठी मिनेसोटातल्या एका लहान गावात आइनार आक्रे जहाजांवर लोहखनिज चढवण्याचे काम करीत. दर शुक्रवारी त्यांचे तीन मित्र येत आणि माझ्याभोवती डाव रंगे. वर हसणे-खिदळणे चाले. खाली पत्त्यांची खूण म्हणून एक जण दुसऱ्याच्या बुटाला हळूच बूट लावी. वरच्या माणसांना ते कधी दिसले नाही, मला मात्र दिसे. वर एक आणि खाली दुसरेच, हा धडा मी तेव्हा गिरवला तो कायमचा.

आइनार गेले आणि डाव बंद पडला. मला तळघरात, जिन्याखाली उभे केले गेले. मग नोव्हेंबरातला एकच गुरुवार माझा उरला. थँक्सगिव्हिंगच्या, म्हणजे तिकडच्या सुगीच्या सणाच्या दिवशी सगळे घर जमे. मोठे टेबल मोठ्यांना पुरत नसे, म्हणून खिडकीशी माझी मांडणी होई आणि माझ्यावर लहानांची पंगत बसे. सांडलेला रस्सा, कुस्करलेले बटाटे, टर्कीच्या हाडाची ओढाओढ, सगळे माझ्याच अंगावर. प्रत्येक मुलाला कधी एकदा मोठ्यांच्या टेबलावर जागा मिळते असे होई. आणि तिथे गेले, की ते जेवताना मान वळवून आमच्याकडेच बघत बसे.

याला कारण होती थोरा आजी, आइनारांची बायको. तिची एक रीत होती. जेवणे झाली की भोपळ्याची पाई, सणाचे गोड पक्वान्न, ती आधी आमच्याकडे आणी, मोठ्यांना नंतर. प्रत्येक मुलापाशी थांबून ती त्याच्यापुढे बशी ठेवी, आणि वर्षभर त्याच्यासाठी राखून ठेवलेली एक गोष्ट त्याला सांगे. ‘तू कुत्र्याला घाबरतोस, तरी बहिणीच्या पुढे उभा राहिलास, मी पाहिलं.’ असे काहीतरी. मुलांना भेटवस्तू आठवत नाहीत, पण आजीने काय पाहिले होते ते आठवते.

त्या वर्षी मात्र मला वर आणले तेव्हाच घरात काहीतरी बिनसल्याचे माझ्या लक्षात आले. आतल्या बोळात नेहमीचा गालिचा नव्हता. भिंतीवरच्या सगळ्या तसबिरी गेल्या होत्या, नुसते खिळ्यांचे डाग उरले होते. मला उचलून आणणारी मारिसोल होती, थोरा आजीची नवी सून. आजीचा मुलगा आर्ने मालवाहू जहाजावर काम करी आणि महिनोन्‌महिने सरोवरावर असे. त्याची पहिली बायको वारली होती. दहा वर्षांचा नेल्स तिचा मुलगा. मारिसोल या कुटुंबात येऊन जेमतेम वर्ष झाले होते. ती आणि नेल्स गावातच वेगळ्या घरात राहत, आजी इथे एकटीच असे.

थोड्या वेळाने आजीची मुलगी कारिन आपल्या दोन मुलांना घेऊन मिनियापोलिसहून आली. सिग्ने नेल्सच्याच वयाची, आणि ऑगी सहा वर्षांचा. कारिन दारातच थबकली.

“आई, बाबांचा फोटो कुठाय?”

“काढलाय,” आतून आजीचा आवाज आला. “भिंती पुसायच्या होत्या.”

“आणि गालिचा?”

“तोही पुसायचा होता.”

कारिनने मारिसोलकडे पाहिले. मारिसोल स्वयंपाकघरात गेली आणि तिने दार लोटून घेतले. तसे बघायला गेले तर दार लोटण्यात काही नव्हते. पण दरवर्षी रस्सा ढवळण्याचा मान सिग्नेचा असे. ती पळी घेऊन दाराशी गेली, तेव्हा मारिसोलने दार फटीएवढेच उघडले.

“आज नको गं, सोन्या. आज आजीला एकटीलाच करायचंय.”

“एकटीला? मग तू आत काय करतेस?”

मारिसोल हसली आणि तिने दार पुन्हा लावले.

सिग्ने माझ्यापाशी येऊन बसली. तिचे गाल लाल झाले होते. “शेगडीच्या बटणांना काहीतरी चिकटवलंय,” ती हळूच म्हणाली. “डिंकाचे टपोरे थेंब. मी फटीतून पाहिलं.”

“मामी दर शनिवारी कुठे जाते, माहितीये?” नेल्स म्हणाला. मारिसोल मामी होती ती सिग्नेची; तो स्वतः तिला काहीच म्हणत नव्हता. सिग्नेसाठी तेवढे नाते त्याने उसने घेतले. “बाजारात जाते म्हणते. येते तेव्हा पिशवी रिकामी.”

ऑगी खुर्चीवर गुडघे टेकून पुढे झुकला. “मला माहितीये. ती आजी आपली आजी नाहीच.”

“गप रे.”

“नाहीच! मी आल्यावर मिठी मारली ना, तर ती म्हणाली, ‘कोण, ऑगी का?’ आपली आजी असं विचारते का कधी?”

नेल्सला हसू आले, पण सिग्नेला आले नाही. ती खिडकीतून बाहेरच्या करड्या पाण्याकडे बघत राहिली. मग तिने आपला लाल स्वेटर डोक्यावरून ओढून काढला. दोघांचेही स्वेटर आजीनेच विणलेले होते, तिचा लाल आणि नेल्सचा निळा.

“तुझा दे. आणि माझ्या खुर्चीवर बस.”

“आजीला फसवायचं?” नेल्सला ते आवडले नव्हते.

“फसवायचं नाही रे. बघायचं फक्त.”

मित्रांनो, अशी वाक्ये मी शुक्रवारच्या डावात पुष्कळ ऐकली होती.

जेवण सुरू झाले. टर्कीत मीठ जरा जास्त होते. मोठ्यांच्या टेबलावर कारिन एकेक घास पारखून खात होती. “हे तू केलंस, आई, का हिनं?” तिने विचारले. आजी म्हणाली, “तोंडात गेल्याशी कारण.” आर्ने दोन दिवसांच्या सुटीवर आला होता. तो बहिणीकडे आणि बायकोकडे आळीपाळीने बघत होता आणि बटाटे वाढून घेत होता.

मग आजी पाईचे ताट घेऊन आमच्याकडे आली. तिने एक हात माझ्या कडेवर ठेवला. तो हात कडेकडेने सरकत कोपऱ्यापर्यंत गेला आणि तिथे थांबला. पूर्वी ती अशी मला कधी चाचपत नसे. आधी तिने ऑगीपुढे बशी ठेवली. मग खिडकीजवळच्या, नेल्सच्या नेहमीच्या खुर्चीपाशी ती वाकली. तिथे निळा स्वेटर घालून सिग्ने बसली होती.

“नेल्स,” आजी हळू आवाजात म्हणाली, “तुझ्यासाठी राखून ठेवलंय ते ऐक. तू मारिसोलला कशानंच हाक मारत नाहीस. लांबून ‘अगं’ नाही, नावही नाही. तुझ्या आईला वाईट वाटेल म्हणून ना? बाळा, तुझी आई मला चांगली ठाऊक होती. तिला वाईट वाटायचं नाही. आणि तू कधीच हाक मारली नाहीस, तरी ही मुलगी तुझं पान वाढायची थांबायची नाही. एवढंच सांगायचं होतं.”

सिग्नेचे हात माझ्याखाली होते. ते एकमेकांत इतके घट्ट गुंतले होते, की नखे पांढरी पडली. समोर लाल स्वेटरमध्ये नेल्स मान खाली घालून बसला होता. जे त्याच्या एकट्याच्या कानात जायचे, ते माझ्याभोवतीच्या सगळ्यांनी ऐकले होते.

“बघा!” ऑगी ओरडला. “ती सिग्ने आहे! तिला कळलंच नाही! ही आपली आजी नाहीच!”

मोठ्यांच्या टेबलावर एकाच वेळी सगळे काटे-चमचे थांबले. आजी तशीच वाकलेली राहिली.

कारिन उठली. “काय चाललंय या घरात? फोटो गायब, गालिचा गायब, स्वयंपाकघराला पहारा! मारिसोल, तू माझ्या आईला काय देतेस? कसली औषधं चारतेस तिला?”

“मी काही देत नाही, ताई.”

“मग दर शनिवारी इथे कशाला येतेस? शेजारच्यांनी सांगितलंय मला!”

आर्नेने बायकोकडे पाहिले. “तू इथे येतेस?”

“मी शब्द दिलाय,” मारिसोल म्हणाली.

तेवढ्यात नेल्स उठला. लाल स्वेटर त्याला आखूड होत होता. तो चालत जाऊन मारिसोलच्या खुर्चीशेजारी उभा राहिला. “आत्या, तिच्यावर ओरडू नकोस,” तो म्हणाला.

तेव्हा आजी सरळ झाली. “शब्द मी घेतला होता, तो मीच परत देते. मला दिसत नाही, कारिन. समोरच्या माणसाचा चेहरा म्हणजे नुसतं धुकं. कडेकडेचं तेवढं दिसतं, आणि रंग. फोटो मीच काढले, भिंतीला हात लावत चालता यावं म्हणून. गालिच्यात दोनदा अडकून पडले. शेगडीवरचे थेंब बोटांसाठी आहेत. हिनं दर शनिवारी येऊन मला हातांनी रांधायला शिकवलं. आजचं मी केलंय. मीठ चुकलं, तेही माझंच.”

“मला का नाही सांगितलंस?”

“तू दुसऱ्या दिवशी मला इथून हलवलं असतंस.”

कारिनने खोटे बोलायचे टाळले. “हो. हलवलं असतं. अजूनही वाटतंय,” ती म्हणाली, आणि खुर्चीत बसून रडू लागली. बऱ्याच वेळाने तिने मारिसोलपुढे बशी सरकवली आणि म्हटले, “मलाही शिकव. शनिवार एकटीनं का करायचे?” ती काही माफी नव्हती. पण मारिसोलने बशी घेतली.

आजीने मग विचारले, “आता खरी सिग्ने कुठेय?” सिग्ने पुढे आली. आजीने तिचा चेहरा दोन्ही हातांत घेतला, भुवया, नाक, ओले गाल.

“उन्हाळ्यात मी कॉफीत साखर समजून मीठ घातलं. तू कप बदललास आणि काही बोलली नाहीस. तेव्हाच मी म्हटलं, हिला कळलंय. रोज वाट बघत होते गं, तू विचारशील म्हणून.”

सिग्ने आजीच्या अंगाला चिकटून उभी राहिली. ऑगीने मात्र आजीच्या गालाला बोट लावून खात्री करून घेतली आणि सिग्नेची पाईही खाऊन टाकली.

थोरा आजी त्या घरात आणखी दोन हिवाळे राहिली. मग आपणहून म्हणाली, आता पुरे, आणि कारिनकडे राहायला गेली. मीही तिच्या सामानातून गेलो. आता मी सिग्नेच्या घरी असतो. कधी वर्षभर मला कोणी विचारत नाही, कधी ओलेच मिटून ठेवतात, त्यामुळे बिजागऱ्यांना गंज धरला आहे. पण तो गुरुवार अजून माझाच आहे. भावंडे जमली की त्या दिवसाची आठवण निघतेच. ऑगी म्हणतो, पाई फार छान होती. सिग्ने म्हणते, मी आयुष्यात केलेली सगळ्यात वाईट गंमत ती. नेल्स काही म्हणत नाही. तो मारिसोलला ‘मा’ म्हणतो, कधीपासून ते कोणाला आठवत नाही.

गेल्या वर्षी माझ्याभोवती नवी मुले बसली होती. मोठी माणसे आत दार लोटून काहीतरी बोलत होती, आणि एक मुलगी दुसरीला म्हणाली, “काहीतरी लपवताहेत.” मला पुन्हा जुनी धाकधूक वाटू लागली.

मित्रांनो, मोठी माणसे लपवतात, हे खरेच आहे. तुमचा संशय बहुतेक वेळा बरोबरच असेल. पण माझ्यासारखे खाली राहून बूट मोजत बसू नका. मला पाय आहेत, पण चालता येत नाही. तुम्हाला येते. उठा, आणि ते दार ढकला.