मोडायची ना जोडी?

मित्रांनो, गॅरेजच्या मागच्या भिंतीशी जो जाडजूड लोखंडी गडी आडवा पडलाय ना, तोच मी. मी एका मालवाहू व्हॅनचा जुना मागचा एक्सल आहे. तुम्ही गाडीचा रंग बघता, दिवे बघता. वाकून माझ्याकडे कोण बघतंय! पण मागची चाकं फिरतात ती माझ्यामुळे, आणि गाडीत भरलेला भार पेलतो तोही मीच.

कारखान्यात मी तापलो, ठोकला गेलो, आणि माझ्या दोन्ही टोकांना दोन-दोन चाकं बसली. गॅरेजात त्यांना 'जोडी' म्हणतात. टोकाला एकेकच चाक असलेले एक्सल मला बघून नाक मुरडायचे. मुरडेनात का! त्यांनी दगडी फरशी वाहून दाखवावी, पहिल्याच चढावर हाडं खिळखिळी झाली असती.

आमची गाडी एका नवरा-बायकोची होती. घराघरांत फरशी पोचवायचा त्यांचा धंदा. मालक चालवायचे, बाई शेजारी बसायच्या आणि रस्ताभर भांडण!

"अहो, इथे वळायचं होतं!"

"अगं, मग आधी सांगायचं ना!"

आणि पुढच्याच वळणावर दोघं खो-खो हसायची. ते हसू ऐकत धावण्यात जे सुख होतं, ते मला पुन्हा कधी मिळालं नाही. खाली उतरल्यावर मालक चाकावर थाप मारून म्हणायचे, "आमची जोडी आहे, जोडी!" माझ्या अंगावर मूठभर मांस चढायचं. आता लोखंडाला कसलं मांस, पण चढायचं खरं.

मग फरशा उचलून उचलून मालकांची पाठ गेली. बाईंनी गाद्या पोचवायचं काम धरलं आणि स्वतः गाडी चालवू लागल्या. गाद्यांचं वजन ते काय! मी ताठ, माझ्यावरचे स्प्रिंगचे पाटे ताठ. एवढ्या हलक्या गाडीला मी प्रत्येक खड्ड्यात उडवायचो. एकदा मालक हौसेनं शेजारी बसले, पण पहिल्याच खड्ड्यात असे कळवळले की पुन्हा गाडीत चढलेच नाहीत. बाई रस्ता चुकायच्या आणि कुणीच ओरडायचं नाही. ती शांतता मला सोसवेना.

शेवटी दोघं गॅरेजात आली. मिस्त्री म्हणाले, "वहिनी, पुन्हा फरशी वाहायची असेल तर हाच एक्सल ठेवा, असा दणकट मिळायचा नाही. गाद्याच न्यायच्या असतील तर एकेका चाकाचा टाका, वर मऊ पाटे. गाडी पाळण्यासारखी चालेल. पण मग फरशी विसरायची."

"छे, छे! मी बरा झालो की पुन्हा फरशीच," मालक म्हणाले. मला वाटलं, उठून त्यांना मिठी मारावी.

बाई त्यांच्या अवघडलेल्या पाठीकडे बघत होत्या. मिस्त्रींनी पाना उचलला आणि सवयीनं विचारून बसले, "मग काय वहिनी, मोडायची ना जोडी?" आणि लगेच त्यांनी जीभ चावली.

बाई हसल्या, डोळे मात्र भरून आले. "मोडा. मला फरशी नको, हे शेजारी हवेत. रस्ता चुकले तर ओरडायला कुणी नको का?"

मालकांनी पाठ सांभाळत हात लांबवून चाकावर थाप मारली. "सोड बाबा आता," ते म्हणाले.

तेव्हापासून मी इथे आहे. ऊन-पाणी खातो, गंजतो. कधीतरी ती गाडी तेलपाण्याला येते आणि फाटकातूनच भांडण ऐकू येतं.

"अगं, इथे वळायचं होतं!"

"अहो, मग आधी सांगायचं ना!"

त्या हसण्याखाली पुन्हा एकदा धावावं म्हणून जीव तळमळतो. पण खाली मी असतो, तर वर ते हसू नसतं.

मित्रांनो, जुनं झालं म्हणून कुणाला उघड्यावर टाकू नका. थोडं ग्रीस लावा, एखादं फडकं घाला. कुणाला फरशी वाहायची असेल तर मी आजही तयार आहे. आणि नसेलच न्यायचं, तर निदान मला तेवढं फाटकाजवळ सरकवून ठेवा.