चाकाखालचा बूट

आत्या एकच गोष्ट शंभरदा सांगते. "चढावर गाडी बंद पडली तर क्लचला पाय लावायचा नाही. गिअरनेच धरलेली असते ती. तशीच चावी मार." मी शाळा सोडली ती असल्याच कटकटीपायी. म्हटलं, "कळलं गं! बहिरी नाहीये मी."

आज माझी परीक्षा होती. धबधब्यापर्यंत जीप चढवली, की उद्यापासून धबधबा बघायला येणाऱ्या पाहुण्यांना मी नेणार.

शेवटच्या चढाला, घरंगळून आलेल्या दगडांत पुढचं चाक अडकलं. इंजिन बंद. धबधबा तर ऐकू येत होता!

"थांब गं तोफे. मागे दगड लावते." आत्या उतरली.

"राहू दे ना, निघेल!"

"हलू नकोस."

आरशात ती वाकलेली दिसत होती. हा दगड नको, तो नको, भाजी निवडावी तसं चाललेलं. माझं डोकं फिरलं. चावी मारली, आणि सपाट रस्त्यावरच्या सवयीने पाय गेला क्लचवर.

जीप हातभर मागे गेली. धप्प. दचकून पाय सुटला, तशी थांबली.

आरशात कुणीच नाही.

"आत्या?"

हँडब्रेक ओढून खाली उडी मारली. मागच्या चाकाखाली तिचा बूट. नाडी बांधलेला. बांधलेल्या बुटात पाय असतो, एवढंच डोक्यात. दोन्ही हातांनी चाक ढकलायला लागले.

"रिकामाय तो."

आत्या झुडपात पडलेली. कोपर सोललेलं, एका पायात नुसता मोजा. ती एक नंबर मोठा बूट घेते. त्यावरून मी किती टर उडवली होती तिची.

आता शिव्या घालेल म्हणून उभी राहिले. ती नुसती कोपरावरची माती झटकत बसली. तेव्हा जास्त फाटली माझी. चावी तिच्यापुढे धरली. "तूच चालव."

"माझा बूट कोण काढणार? तू अडकवलास, तूच काढ." ती लंगडत लांब, वरच्या खडकावर जाऊन उभी राहिली.

डावा पाय सीटखाली दुमडून घेतला. हँडब्रेक सोडला. चावी मारली. जीप खोकली, आणि एकेक दगड चावत चढली.

समोर एवढा धबधबा कोसळत होता, मला मात्र ती धप्पच ऐकू येत होती. आत्या चपटा बूट घालून आली.

"उद्या?" मी विचारलं.

"उद्या गाडी मी चालवीन. दगड तू लावायचा."

वाद न घालता चावी तिच्या हातात ठेवली. पहिल्यांदाच.

"कसा लावायचा, सांगशील ना?"

"शंभरदा," आत्या म्हणाली.