पैलवानाच्या गाडीचे दागिने

पैलवान म्हणजे नुसती काडी. नाव कुणी ठेवलं देव जाणे, पण त्यावर सगळ्यात मोठ्यांदा तोच हसायचा.

काल मात्र हसला नाही. काल त्याची कोरी करकरीत पिकअप फरशा भरून डोंगराच्या निम्म्या चढावर धापा टाकत थांबली आणि उलटी घसरायला लागली. चाकाखाली दगड लावायला ठेकेदार स्वतः धावला.

"उद्या नऊ वाजता शेवटची संधी," तो म्हणाला. "वर बांधकामापर्यंत पोचलास तर तीन महिन्यांचं काम तुझं. नाहीतर टेम्पोवाला आहेच."

आज सकाळी सातलाच मेहुणा लॅपटॉप काखोटीला मारून डोंगराच्या पायथ्याशी, फरशीच्या गोदामापाशी हजर.

"दाजी, बॉनेटसुद्धा उघडायचं नाही. ही वायर जोडायची, लॅपटॉपवरून इंजिनाचं सेटिंग बदलायचं, की दहा मिनिटांत गाडीचा घोडा!"

"आणि वॉरंटी?"

"ती जाणार. पण घोड्याला कोण देतं वॉरंटी?"

पैलवान हिशोब करू लागला. तीन वर्षांची वॉरंटी एका पारड्यात, तीन महिन्यांचं काम दुसऱ्यात. चावी त्याने जवळजवळ दिलीच होती, तेवढ्यात शेजारच्या वजनकाट्याच्या खिडकीतून त्याच्या थोरल्या ताईचं डोकं बाहेर आलं. काटा तीच चालवायची.

"ए शहाण्या, ताकद वाढवशील, पण क्लच तोच ना? तो जळाला की कंपनी दारात उभं करणार नाही. आधी रिकामी गाडी काट्यावर घे."

"ताई, वेळ नाहीये गं!"

"घे म्हणते ना!"

घेतली. ताईने आकडा बघितला, गाडीचं पुस्तक बघितलं, परत आकडा बघितला.

"कंपनी म्हणते सतराशे किलो. काटा म्हणतो एकवीसशे वीस. तुझ्या गाडीत सहा माणसं फुकट बसलीत, आणि त्यांच्या वर तू पूर्ण माल भरतोस."

पैलवान गाडीभोवती फिरला. पुढे लोखंडी गार्ड. वर कॅरियर, मागे शिडी. हौद्यात जाड पत्र्याचा दुसरा थर. सीटमागे कपाटाएवढे दोन स्पीकर. गाडी घेतल्यापासून सगळं एकेक करून त्यानेच चढवलेलं. हौसेला मोल नाही म्हणतात, पण वजन असतं, हे कुणी सांगितलं नव्हतं.

"पाने आण," तो मेहुण्याला म्हणाला.

"लॅपटॉप?"

"पाने!"

पाऊण तास नुसती खणखण. मेहुणा कुरकुरत होता, पण बोल्ट झपाझप काढत होता. स्पीकर निघाले तेव्हा पैलवानाने तोंड फिरवलं. ताईने परत वजन केलं. सतराशे पस्तीस.

फरशा कालच्याएवढ्याच भरल्या. नऊला पाच कमी असताना गाडी चढाला लागली. कालचा दगड अजून तिथेच पडलेला. पैलवानाने पहिला गिअर टाकला, श्वास रोखला. गाडी हळू झाली... अजून हळू... पण थांबली नाही! दगड मागे पडला. शेवटचं वळण आलं आणि पैलवान एकटाच केबिनमध्ये ओरडला, "चल गं माझी राणी!" आणि राणी चढली. सपाटीवर आल्यावर त्याने हॉर्नवर जो हात ठेवला तो काढेचना. खालून ताईनेही काट्याची घंटा बडवली.

ठेकेदार कानात बोटं घालूनच पुढे आला. "बास रे! काम तुझं, घे! पण इंजिन कुणाकडून करून घेतलंस?"

"इंजिनाला कुणी हातही लावला नाही," पैलवान म्हणाला, आणि कालचं राहिलेलं हसू आज दामदुपटीने हसला.

तेवढ्यात मेहुण्याचा फोन. "दाजी, अभिनंदन! ते स्पीकर तुम्हाला नकोच आहेत ना आता?"