दहावा टाका

मित्रांनो, मी एक जुनी पट्टी आहे. फुटबॉलच्या कप्तानाच्या दंडावर असते ना, ती. माझा रंग विचारू नका. कधीकाळी तो लाल होता, एवढंच सांगते.

स्पेनच्या आस्तुरियास प्रांतातल्या कास्त्रेल या खाणकामगारांच्या गावात माझा जन्म झाला. क्लबचे कपडे सांभाळणाऱ्या ओलिवाबाईंनी एका गोलरक्षकाच्या फाटक्या स्वेटरची बाही कापून मला शिवलं. विकतच्या पट्ट्यांवर त्यांचा राग होता. "दोन धुण्यांत सैल पडतात मेल्या," म्हणायच्या.

आमच्या क्लबात एक रीत आहे. कप्तान पायउतार झाला, की तो ओलिवाबाईंच्या खोलीत येतो, स्वतःच्या हाताने माझ्यावर एक टाका घालतो आणि मग मला नव्या कप्तानाच्या दंडावर चढवतो. फ्रोइलान कप्तान झाला तेव्हा माझ्यावर नऊ टाके होते. एकही सरळ नव्हता, पण मला ते सगळे आवडायचे.

फ्रोइलान दहावा. चौदा वर्षं तो बचावफळीच्या मधोमध उभा राहिला. धावण्यात तो काही फार चपळ नव्हता, पण त्याचा आवाज! "डावीकडे बघ!" "झोपलास का रे?" "सगळे पुढे सरका!" त्याच्या एका हाकेसरशी चार बचावपटू एका रेषेत हलायचे. त्याचं नाक दोनदा मोडलं, भुवई कितीदा फाटली याची मोजदाद नाही. सामना सुरू होण्याआधी तो मला दोन बोटांनी दाबून बघायचा. त्या दोन बोटांची ओढ मला अजून आहे. गावातली माणसं म्हणायची, "मागे फ्रोइलान आहे ना, मग आपण निवांत सफरचंदाची सिद्रा पीत बसावं!" मलाही अभिमान वाटायचा. का वाटू नये?

मग त्याचा गुडघा गेला. त्याच उन्हाळ्यात क्लबने त्याला प्रशिक्षक केलं आणि तेल्मो नावाचा अबोल बचावपटू कप्तान झाला. ओलिवाबाई सुईत दोरा ओवून बसल्या. फ्रोइलान आला, मला हातात घेतलं, उलटसुलट पाहिलं आणि म्हणाला, "उद्या घालतो टाका."

तो उद्या काही उजाडला नाही. मी त्याच्या कोटाच्या आतल्या खिशात गेले. तेल्मोने दंडावर साधी पांढरी चिकटपट्टी गुंडाळली.

वर्षभर मी त्या खिशात होते, सूर्यफुलाच्या बियांच्या टरफलांत. दिसत काही नव्हतं, पण ऐकू सगळं यायचं, आणि बाकीचं पुढे ओलिवाबाईंच्या खोलीतल्या गप्पांतून कळलं. फ्रोइलान मैदानाच्या कडेला उभा राहून अजून कप्तान असल्यासारखाच ओरडायचा. कोणी कुठे सरकायचं, कधी थांबायचं, सगळं तोच सांगायचा. एकदा तेल्मोने तोंड उघडलं, तर लगेच, "तू गप्प रे, मी बघतोय ना!" हळूहळू मैदानात कोणी बोलेनासं झालं. सगळे फ्रोइलानकडे कान लावून खेळायला लागले.

संघ घसरत गेला. शेवटच्या सामन्यात निदान बरोबरी हवी होती, नाहीतर खालच्या श्रेणीत जावं लागणार होतं. त्या दिवशी अख्खं गाव मैदानावर लोटलं, ढोल बडवत. फ्रोइलान ओरडला, "पुढे सरका!" दोघांनी ऐकलं, दोघांना ऐकूच आलं नाही. मधल्या भगदाडातून समोरचा खेळाडू एकटा निसटला. गोल!

मध्यंतरात ओलिवाबाई कोरडे शर्ट घेऊन आत आल्या. शर्ट बाकावर टाकून त्या सरळ फ्रोइलानसमोर उभ्या राहिल्या.

"कोटात काय आहे, ते काढ."

"आत्ता नको, ओलिवाबाई. सामना चालू आहे."

"म्हणूनच म्हणतेय. तुझा आवाज पोचत नाहीये आत. आणि यांना बोलायची सवय तू ठेवलीस कुठे?"

फ्रोइलान हळूच म्हणाला, "ती दिली ना, की माझं खेळणं संपलं."

"संपलंय रे बाळा," ओलिवाबाई म्हणाल्या. "वर्ष झालं."

त्याचा हात खिशात आला. त्याने मला तेल्मोच्या दंडावर चढवलं आणि दोन बोटांनी दाबून बघितलं.

"मिस्टर, टाका राहिलाय," तेल्मो म्हणाला. आमच्याकडे खेळाडू प्रशिक्षकाला मिस्टरच म्हणतात.

"टाका नंतर. आता आत ओरड. मला शिव्या घातल्यास तरी चालेल."

"त्या आम्ही मनातल्या मनात रोजच घालतो, मिस्टर," मागून गोलरक्षक पुटपुटला, आणि त्या दिवशी पहिल्यांदाच कोणीतरी हसलं.

उत्तरार्धात तेल्मोचा आवाज आधी चिरका निघाला, मग मोकळा झाला. पुन्हा एकही गोल आमच्यावर चढला नाही. आमचा एक फटका खांबाला लागून बाहेर गेला. पण मित्रांनो, खोटं कशाला सांगू? आम्ही एका गोलने हरलो आणि खाली गेलो.

लोक निघून गेल्यावर फ्रोइलान ओलिवाबाईंच्या खोलीत आला. "सुई द्या," म्हणाला. डोळे भरलेले, त्याला दोरा काही ओवता येईना. शेवटी तेल्मोने ओवून दिला.

"माझ्यामुळे गेलो आपण," टाका घालताना फ्रोइलान म्हणाला.

तेल्मोने नाही म्हटलं नाही. तो म्हणाला, "पुढच्या वर्षी तुम्ही बाकावर बसा, मिस्टर. अडलं, तर मी तुमच्याकडे बघेन."

"बघशील ना?"

"बघेन."

तेव्हा सुई फ्रोइलानच्या बोटात रुतली.

दोन वर्षांनी आम्ही पुन्हा वर आलो. फ्रोइलान बाकावर बसूनच होता. आज माझ्यावर बारा टाके आहेत. मी आता सैल पडलेय, आणि क्लबातली मंडळी मला काचेच्या कपाटात ठेवायचं म्हणतात. मित्रांनो, तेवढं होऊ देऊ नका. मला धुवा, उसवले तर शिवा, आणि वेळ आली की पुढच्या दंडावर चढवा. तुमच्याकडेही दुसऱ्याच्या हाती सोपवायचं असं काही असेल, तर ते खिशात ठेवून बसू नका. माझा दहावा टाका सगळ्यांत वाकडा आहे. त्याच्या शेजारी रक्ताचा एक बारीक डाग आहे, आणि इतकी वर्षं मला धुताना ओलिवाबाईंनी तेवढी जागा कधी चोळली नाही.